आजच्यापुरते पुरेसे
अरण्यवासातील इस्राएल, पूर्णेकाठचे खारे पाणी आणि उतारवयातील समाधान

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूला ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना गोड्या पाण्याचे मोल शिकवावे लागत नाही. नदीच्या गाळाच्या खोल थरांत क्षार साठलेले आहेत. त्यामुळे विहीर भरलेली असूनही तिचे पाणी तोंडात धरवत नाही, साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या कित्येक आज्यांनी गोड्या पाण्याच्या एका हंड्यासाठी भर उन्हात दूरवर पायपीट केलेली आहे. पुढे मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या वान आणि शहानूर या धरणांचे पाणी नळाने अनेक गावांत आले. तरी नळ आला की आधी पिण्याचे भांडे भरून झाकून ठेवायचे, ही त्या पिढीची सवय सुटलेली नाही.

अशा मुलखातील माणसाला एक फार जुनी कथा परकी वाटू नये. मिसर देशातील गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक मोशेच्या मागोमाग अरण्यात शिरले. तीन दिवस चालूनही पाणी मिळाले नाही. अखेर पाणी दिसले, पण ते इतके कडू होते की पिववेना. त्या ठिकाणाला ‘मारा’, म्हणजे कडू, असे नाव पडले. लोकांनी मोशेपाशी कुरकुर केली. त्याने देवाचा धावा केला, देवाने दाखविलेले एक झाड पाण्यात टाकले आणि पाणी गोड झाले. बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथात ही कथा आहे. त्यानंतर या लोकांचा अरण्यवास चाळीस वर्षे चालला. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांत तो कृतज्ञता आणि समाधान यांची शाळा मानला जातो. या शाळेतील काही धडे वृद्धांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना आजही उपयोगी पडतील असे आहेत.

तहान वेगळी, कुरकुर वेगळी

पहिला धडा बहुधा नजरेतून सुटतो. मारा येथे लोकांनी तक्रार केली, तेव्हा त्यांना शिक्षा झाली नाही, पाणी मिळाले. तहान खरी होती आणि तिचे उत्तर पाणी हेच होते. पुढे ‘गणना’ या ग्रंथात दुसरी एक तक्रार येते. रोजचे अन्न मिळत असताना लोकांना मिसरातील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवू लागले. तेथील स्वाद आठवला. पाठीवरचे आसूड मात्र विसरले. ही कुरकुर होती, आणि तिने हातचे अन्नही बेचव केले.

घरातील वृद्धांच्या बोलण्यात ही दोन्ही रूपे मिसळलेली असतात. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे मिसरातले कांदे असू शकतात. पण ‘जेवण जात नाही’, ‘रात्री झोप लागत नाही’, ‘जिना चढताना दम लागतो’ ही माराची तहान असू शकते. ऐकणाऱ्याने दोन्हींना एकच समजून ‘म्हातारपणी असे व्हायचेच, समाधानाने राहा’ असे म्हटले, तर उपदेश होतो आणि आजार मागे राहून जातो.

याउलट प्रसंगही आपल्या वऱ्हाडात घरोघरी दिसतो. ‘मले काई नाई झालं’ म्हणून आजी विषय संपविते. मुलांना त्रास नको, खर्च नको, म्हणून ती दुखणे गिळते आणि सारे जण तिला समाधानी म्हणतात. हे समाधान नव्हे. समाधानी माणसाला आपली गरज सांगता येते, आणि ती भागली की थांबताही येते. गरज दडवून ठेवण्यात फक्त एकटेपण वाढते.

एका दिवसाचे माप

दुसरा धडा मान्नाचा. अरण्यात सकाळी दव वाळल्यावर जमिनीवर बारीक, पांढरट पदार्थ पसरलेला दिसे. तेच त्या लोकांचे अन्न. प्रत्येक माणसामागे एक ओमेर, म्हणजे सुमारे दोन लिटर मावतील एवढ्या मापाचे, गोळा करावयाचे. ज्याने अधिक गोळा केले त्याला उरले नाही आणि ज्याने कमी केले त्याला उणे पडले नाही, असे कथा सांगते. काहींनी उद्याची चिंता म्हणून ते राखून ठेवले, तर त्यात किडे पडले. मात्र शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती आणि ते टिकत असे. अर्थात, ही शिकवण तरतुदीच्या विरुद्ध नाही. विश्रांतीसाठी केलेली तरतूद टिकते. भीतीपोटी केलेला साठा नासतो.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने हा सातवा दिवस शतकानुशतके पाळला. तेलाचे घाणे चालविणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. नवस फेडताना किंवा मंगलप्रसंगी आभार मानण्यासाठी ते आजही ‘मलिदा’ करतात. ओले पोहे, नारळ, साखर, वेलची आणि फळे यांचे ते ताट असते. दूरच्या अरण्यातील कृतज्ञता कोकणातल्या पोह्या-नारळात अशी सहज मिसळून गेली.

उतारवयात एका दिवसाचे माप विशेष कामाचे ठरते. पक्षाघातानंतर पुन्हा चालू लागलेल्या माणसाने ‘पूर्वीसारखा कधी होईन?’ असा प्रश्न रोज उगाळला, तर आज टाकलेली दहा पावले त्याला दिसतच नाहीत. शुश्रूषा करणाऱ्यालाही ‘हे किती वर्षे चालणार?’ हा प्रश्न दमवितो. औषधांची, पैशांची आणि मदतीची तरतूद अवश्य करावी. मनाने मात्र एका वेळी एकच दिवस उचलावा.

फुटके गाडगे

हे माप प्रत्यक्ष जगलेला एक माणूस आपल्याच मातीत होऊन गेला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील व्यसनापायी लवकर गेले आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी, खारपाणाच्याच मुलखात, गुरे राखण्यात आणि शेतीत गेले. 1905 मध्ये त्यांनी घर सोडले आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे ते फिरत राहिले. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात फुटके गाडगे. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, मग भाकरी मागायची. ती त्या गाडग्यातच खायची आणि पुढचे गाव धरायचे. उद्याची भाकरी उद्याच्या गावात.

परंतु त्यांचे समाधान हे हात बांधून बसलेले समाधान नव्हते. स्वतःपुरते एक गाडगे पुरे म्हणणाऱ्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे इतरांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत मुंबईला उपचारासाठी येणाऱ्या कर्करुग्णांची आणि त्यांच्या नातलगांची सोय होते. रुग्णाइतकीच त्याच्या उशाशी बसणाऱ्यालाही निवाऱ्याची गरज असते, हे तेथे जाऊन आलेली वऱ्हाडातील कुटुंबे जाणतात. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीनजीक वलगाव येथे पेढी नदीच्या पुलापाशी, वाटेतच, बाबांचा देह पडला.

अरण्यातील कथेतही एक भांडे आहे. ओमेरभर मान्ना एका पात्रात घालून पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवावा, अशी आज्ञा मोशेने दिली होती. खाण्यासाठी एका दिवसापुरते आणि आठवणीसाठी कायमचे, असा तो भेद होता. वृद्धांच्या आठवणींचे मोलही असेच आहे. भूतकाळात राहावयास जाणे निराळे आणि कठीण दिवस कसे निभावले हे नातवंडांना सांगणे निराळे. दुसऱ्या प्रकारचे बोलणे घरात अवश्य व्हावे. ते ऐकणाऱ्याला धीर देते आणि सांगणाऱ्याला आपले आयुष्य वाया गेले नाही असे वाटते.

मोशेचे थकलेले हात

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी या कथेत मोशेकडे पाहावे. एवढ्या लोकांचा भार वाहणारा हा पुरुष एके दिवशी देवाला स्पष्ट सांगतो की, हे ओझे मला एकट्याला पेलवत नाही. याहून मरण बरे. त्यावर त्याला कृतघ्न ठरविले गेले नाही. भार वाटून घेण्यासाठी सत्तर वडीलधारे नेमले गेले. त्याआधी सासरे इथ्रो यांनीही, ‘अशाने तू झिजून जाशील’ या अर्थाचा इशारा देऊन, कामे वाटून देण्यास सांगितले होते. आणखी एका प्रसंगी उंच धरलेले मोशेचे हात थकले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी ते सावरून धरले.

म्हणून ‘आईची सेवा करायला मिळते, हे भाग्य मान’ असे सांगून सुनेला किंवा मुलीला गप्प करणे योग्य नव्हे. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल अशी व्यवस्था भावंडांनी करावी. कृतज्ञता आधी तिच्याविषयी दाखविली जावी, आणि ती शब्दांइतकीच कामाने दिसावी.

घरी काय करता येईल?

कृतज्ञतेचा मनावर होणारा परिणाम संशोधकांनीही तपासला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्नायू व मज्जातंतूंचे दीर्घ आजार असलेल्या प्रौढांचाही एक गट होता. 21 दिवस रोज कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिणाऱ्यांनी अधिक प्रसन्नता, अधिक समाधान आणि चांगली झोप यांची नोंद केली. त्यांचा आजार गेला नाही. आजारासह जगणे थोडे हलके झाले. तेवढीच अपेक्षा आपणही ठेवावी.

रात्री निजण्यापूर्वी दिवसातील तीन गोष्टी आठवाव्यात आणि शक्य तर वहीत लिहाव्यात. ‘देवाने सगळे दिले’ असे मोघम न लिहिता ‘आज शेजारच्या मुलाने औषध आणून दिले’, ‘गुडघा कमी दुखला’ असे नेमके लिहावे. हात कापत असल्यास नातवाने लिहून घ्यावे. त्याच वहीत चौथी ओळ गरजेची असावी: ‘आज काय सोसवले नाही?’ ही ओळ घरातल्या कोणीतरी रोज वाचावी.

पाण्याकडेही लक्ष द्यावे. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. खारे पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. तुरटीनेही फक्त गढूळपणा खाली बसतो. म्हणून मिळणारे गोडे पाणी आधी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखावे. रक्तदाब असलेल्यांनी लोणचे, पापड यांना आवर घालावा.

सतत दोन आठवडे उदासी, अन्नावरची वासना उडणे, कशातच रस न वाटणे, ‘आता जगून काय करायचे’ असे बोलणे, ही लक्षणे दिसल्यास ते असमाधान समजून उपदेश करू नये. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठी 14416 (टेली-मानस) आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 (एल्डरलाइन) या शासकीय मदतवाहिन्यांवर फोन करता येतो.

पाय सुजले नाहीत

चाळीस वर्षांच्या प्रवासाअखेरीस मोशे लोकांना मागे वळून पाहावयास सांगतो. या वेळी तो समुद्र दुभंगल्याचे सांगत नाही. अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत आणि पाय सुजले नाहीत, याची तो आठवण देतो. एवढ्या लहान गोष्टी ध्यानात राहण्यासाठी रोज पाहावे लागते. कृतज्ञता म्हणजे असे पाहणे.

आज रात्री आजीच्या पायांना तेल लावताना घोट्याजवळ अंगठ्याने हलके दाबून पाहावे. खळगा पडून राहिला, तर उद्या डॉक्टरांना दाखवावे. ती सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाची सूचना असू शकते. खळगा पडला नाही, तर वहीतील पहिली ओळ तयार आहे: आज पाय सुजले नाहीत.