स्थिर-गियर सायकल : क्रँकची लांबी व गियर-गुणोत्तर यांची निवड

प्रस्तावना :
स्थिर-गियर सायकलीत मागील दातेरी चक्र हबवर घट्ट बसविलेले असते, फ्रीव्हील नसते. त्यामुळे चाक फिरते तोवर पायडलही फिरत राहते. चढ, उतार, वेग वाढविणे व रोखणे या सर्वांसाठी एकच गियर असल्याने त्याची निवड गुडघ्यांचे आरोग्य व स्वाराची सुरक्षितता यांच्याशी निगडित ठरते. प्रस्तुत लेखात या निवडीमागील तत्त्वांचे विवेचन केले आहे.

१. गियर-गुणोत्तर :
पुढील चक्राच्या दात्यांना मागील चक्राच्या दात्यांनी भागल्यास गुणोत्तर मिळते. ४८ व १६ दात्यांचे गुणोत्तर ३ होय. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरल्यास पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ६.३ मीटर पुढे जाते. मिनिटास ९० फेऱ्यांना वेग ताशी ३४ किलोमीटर होतो. ४२ व १६ दात्यांनी तो सुमारे ३० किलोमीटर राहतो. मात्र चढावर गुडघ्यांवरील ताण घटतो आणि पायांनी वेग रोखणे सुलभ होते. याउलट, तीव्र उतारावर पाय अतिवेगाने फिरवावे लागतात.

२. क्रँकची लांबी :
क्रँक ही तरफ आहे. १७० ऐवजी १६५ मि.मी. क्रँक घेतल्यास तेवढ्याच गतीसाठी पायडलवर सुमारे ३ टक्के अधिक बल लावावे लागते. परंतु पायाचे वर्तुळ लहान होऊन जलद फेरे सोपे जातात. मागील चक्र १६ वरून १७ दात्यांचे केल्यास मात्र सुमारे ६ टक्के फरक पडतो. म्हणजे बलाचे नियमन मुख्यतः गियरने करावे. वळणावर पायडल थांबविता येत नसल्याने ते जमिनीस घासण्याचा धोका असतो; म्हणून आखूड क्रँक इष्ट ठरते. तीव्र उताराच्या धावपट्टीवर १६५ मि.मी. लांबी रूढ होण्याचे हेही एक कारण होय.

३. टायरची झीज :
पाय रोखून मागचे चाक घसरविल्यास ४८ व १६ दात्यांच्या जोडीत टायरचा एकच भाग वारंवार घासला जातो. ४८ व १७ या जोडीत झीज १७ ठिकाणी विभागली जाते, कारण या संख्यांना सामाईक विभाजक नाही.

४. बदलती प्रवृत्ती :
तासाभराच्या विक्रमासाठी १९७२ मध्ये एडी मर्क्स यांनी ५२ व १४ दात्यांवर ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. २०२२ मध्ये फिलिप्पो गाना यांनी ६५ व १४ दात्यांवर ५६.७९२ किलोमीटर गाठले. गणिताने मर्क्स यांचे मिनिटास सुमारे १०५, तर गाना यांचे सुमारे ९७ फेरे येतात. अर्थात, मोकळ्या धावपट्टीवरील हे गियर रहदारीच्या रस्त्यास लागू पडत नाहीत.

निष्कर्ष :
प्रथम रस्त्याचा चढ-उतार पाहून गियर, नंतर वळणावरील अंतर व पायांची सोय पाहून क्रँक, असा क्रम ठेवावा. रस्त्यावर पुढील ब्रेक मात्र अनिवार्य मानावा. कोणतेही गुणोत्तर त्याची जागा घेऊ शकत नाही.