गप्प झालेल्या मोड्यूलचा शोध

आजच्या मोटारीत इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि दारांची कुलुपे यांचा कारभार पाहणारे लहान संगणक ठिकठिकाणी बसवलेले असतात. त्यांना नियंत्रण मोड्यूल म्हणतात, आणि त्यांतले बहुतेक आपले काम दुसऱ्याने पाठवलेल्या माहितीच्या आधारे करतात. चाकांचा वेग ब्रेकचे म्हणजे एबीएसचे मोड्यूल मोजते, परंतु अनेक गाड्यांत तोच आकडा स्पीडोमीटरला, स्वयंचलित गिअरबॉक्सला आणि विद्युत स्टिअरिंगलाही लागतो. म्हणून हे एक मोड्यूल गप्प झाले की वेगाचा काटा शून्यावर येतो, स्टिअरिंग जड लागते, गिअर धक्क्याने पडू लागतात आणि डॅशबोर्डवर परस्परांशी संबंध नसलेले वाटणारे चार-पाच दिवे एकदम उजळतात. अशा गाडीची तपासणी दिव्यांच्या संख्येने गांगरून न जाता करावी लागते, कारण पुष्कळदा या साऱ्यांच्या मुळाशी एकच बिघाड असतो.

हा संवाद ज्या जाळ्यातून चालतो त्याला कॅन बस असे नाव आहे. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये त्यावर काम सुरू केले, १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे मोटार अभियंत्यांच्या परिषदेत ते मांडले आणि १९९३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. त्याची रचना थोडक्यात अशी, की एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन वायरींवर अनेक मोड्यूल जोडलेली असतात. बस शांत असताना दोन्ही वायरींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात, आणि संदेश जाताना एक वायर ३.५ व्होल्टपर्यंत चढते तर दुसरी त्याच क्षणी १.५ व्होल्टपर्यंत उतरते. ऐकणारे मोड्यूल या दोहोंमधला फरक तेवढा पाहते. बाहेरून येणारा विद्युत गोंगाट पिळामुळे दोन्ही वायरींवर जवळपास सारखाच आदळतो आणि फरकाला फारसा धक्का लागत नाही. जोडीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो, तो नसेल तर संकेत टोकावर आपटून परत फिरतो आणि पुढचे संदेश बिघडवतो.

संपर्क तुटल्याची नोंद ‘यू’ या अक्षराने सुरू होणाऱ्या कोडमधून होते. उदाहरणार्थ, यू०१०० हा इंजिन मोड्यूलशी, तर यू०१२१ हा एबीएस मोड्यूलशी संपर्क तुटल्याचा कोड आहे. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. हा कोड ज्याचे नाव घेतो त्या मोड्यूलने तो लिहिलेला नसतो. त्याच्या संदेशाची वाट पाहून थकलेल्या इतरांनी तो लिहिलेला असतो. संदेश आला नाही, एवढीच त्याची साक्ष. न येण्याचे कारण मोड्यूलमध्ये असेल, त्याच्या विजेत असेल, अर्थिंगमध्ये असेल किंवा वाटेतल्या वायरीत असेल. त्यामुळे यू०१२१ दिसताच एबीएसचे महागडे युनिट मागवणे म्हणजे साक्ष न वाचताच निकाल देणे होय.

म्हणून कुशल तंत्रज्ञ स्कॅनर जोडल्यावर कोड पुसत नाही, तर सगळ्या मोड्यूलना एकेक करून हाक देतो आणि कोण उत्तर देते, कोण देत नाही, कोणाच्या नोंदीत कोणाचे नाव आहे, हे लिहून काढतो. कोड चालू आहे की जुना, हेही पाहावे लागते, कारण बॅटरी अशक्त असली तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतके खाली जाते की मोड्यूल क्षणभर बंद पडतात आणि परस्परांविरुद्ध कोड नोंदवून ठेवतात. अशा गाडीला बॅटरीखेरीज काहीच नको असते.

त्यानंतर मल्टीमीटर हाती येतो. बॅटरी सोडवून गाडीत स्कॅनर जोडण्यासाठी असलेल्या सोळा पिनांच्या कपलरमधील ६ आणि १४ या पिनांमध्ये रोध मोजला, तर टोकांचे दोन रोधक समांतर असल्याने ६० ओहम मिळायला हवेत. १२० मिळाले तर एक टोक तुटले आहे, शून्याच्या जवळ मिळाले तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र या ६० ओहमवर अनेक जण गरजेपेक्षा जास्त विसंबतात. एबीएस मोड्यूल टोकाला नसून मधल्या फाट्यावर असेल, तर त्याचा फाटा पूर्ण तुटला तरी मीटर ६० च दाखवतो. शिवाय अनेक नव्या गाड्यांत या कपलरमागे गेटवे नावाचे मोड्यूल असते आणि मोजमाप त्याच्या अलीकडच्या भागाचेच होते. निर्णायक मोजमाप गप्प मोड्यूलच्या स्वतःच्या कपलरवरच घ्यावे लागते.

संपूर्ण बसच मुकी झाली असेल तर मोड्यूल एकेक करून सोडवतात आणि कोणते सुटल्यावर बाकीची बोलू लागतात ते पाहतात. ऑसिलोस्कोप असेल तर काम आणखी निश्चित होते, कारण त्याच्या पडद्यावर दोन वायरींचे संकेत एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दिसले पाहिजेत. याच संदर्भात कॅनमधली एक विलक्षण तरतूद सांगितली पाहिजे. प्रत्येक मोड्यूल स्वतःच्या चुका मोजत असते, आणि पाठवण्यातल्या चुकांचा आकडा २५५ च्या पुढे गेला की इतरांचा संवाद बिघडू नये म्हणून ते स्वतःहून बसवरून बाजूला होते. म्हणजे धडधाकट मोड्यूलसुद्धा खराब वायरीमुळे गप्प बसू शकते.

विजेची तपासणी सर्वांत साधी, आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी. वायरीतला तांब्याचा एकच तंतू शाबूत असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ प्रवाहच ओढत नाही. तिथे हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडला की तो मंद पेटतो आणि दोष उघडा पडतो. अर्थिंगचे तसेच. भार चालू असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून मोड्यूलच्या अर्थिंगपर्यंत ०.१ व्होल्टहून जास्त घट दिसली, तर बॉडीवरचा नट गंजला आहे असे समजून तो खरवडून घट्ट करावा. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात कपलरमध्ये शिरलेल्या पाण्याने पिना हिरव्या पडतात, उभ्या गाडीत उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमसाठी किंवा अलार्मसाठी वायर सोलून मारलेले जोड काही महिन्यांनी सैल होतात. कॅनची तुटलेली वायर जोडताना सोल्डर करून उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि पीळ पूर्ववत द्यावा. नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड फार काळ टिकत नाही.

वीज, अर्थिंग आणि कॅनच्या दोन्ही वायरी मोड्यूलच्या कपलरपर्यंत निर्दोष आहेत हे मोजून ठरल्यावरच मोड्यूल सदोष म्हणता येते, आणि नवे बसवल्यावर बहुतेक गाड्यांत त्याचे कोडिंगही करावे लागते. मोड्यूल बदलण्याचे अंदाजपत्रक हातात पडल्यावर गाडीच्या मालकाने या मोजमापांचे आकडे लेखी मागावेत. ते मिळत नसतील तर दुरुस्तीला संमती देऊ नये.