शुक्राणूंना ऑक्सिजन बाधतो तेव्हा

१९४३ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन मॅक्लिऑड या शास्त्रज्ञाने मानवी शुक्राणू भरपूर ऑक्सिजनमध्ये ठेवून पाहिले. ते जोमाने पोहतील असे कोणालाही वाटले असते. झाले उलटेच, त्यांची हालचाल मंदावत गेली. हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारे कॅटलेज हे विकर मिसळल्यावर मात्र ती टिकली. शुक्राणूंना नडत होती ती ऑक्सिजनपासून तयार होणारी आक्रमक संयुगे.

पेशी ऊर्जा तयार करतात तेव्हा ही संयुगे थोडीफार निघतातच. शरीरातली अँटिऑक्सिडंट द्रव्ये त्यांना आवर घालतात. हा तोल बिघडला की त्याला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात. शुक्राणू त्यात लवकर बळी पडतो. त्याच्या आवरणात असंतृप्त मेद भरपूर असतो आणि उघडे तेल खवट व्हावे तसा तो बिघडतो. शिवाय घडताना शुक्राणू आपला बहुतेक पेशीद्रव टाकून देतो, त्यामुळे संरक्षक विकरेही त्याच्यापाशी कमीच उरतात. मग पोहण्याची ताकद घटते, आतल्या डीएनएचे धागेही तुटू शकतात.

कारणे बहुतेकांच्या परिचयाची आहेत: धूम्रपान, लठ्ठपणा, जननमार्गाचा संसर्ग, वृषणांना सतत मिळणारी उष्णता. त्यात सहज निसटणारे कारण म्हणजे व्हेरिकोसील, अर्थात वृषणाजवळच्या शिरा फुगणे. सर्वसाधारणपणे सुमारे १५ टक्के पुरुषांत ते आढळते. वंध्यत्वासाठी तपासणीला येणाऱ्यांत हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. अनेकदा ते दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतल्या की झाले?

इतके सोपे नाही. अमेरिकेत २,३७० पुरुषांवर झालेल्या चाचणीत काहींना सहा महिने फॉलिक अ‍ॅसिड आणि झिंक दिले, इतरांना औषध नसलेल्या गोळ्या. २०२० मध्ये निष्कर्ष आले: मूल होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३४ टक्के, दुसऱ्यात ३५. शिवाय हीच ऑक्सिजन-संयुगे अल्प प्रमाणात असली तर शुक्राणूला बीजांडात शिरण्यासाठी सज्ज करतात. त्यामुळे ती सरसकट पुसून टाकणे हा उपाय नव्हे. ती का वाढली, हे शोधावे लागते.

आणि नेमका हा शोधच आपल्याकडे उशिरा सुरू होतो. दिवस राहत नाहीत म्हणून सुनेच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या, उपासतापास वर्षानुवर्षे चालतात; मुलाला तपासणीला चल म्हणायला घरात कोणी धजत नाही. वास्तविक मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा अंशतः वाटा असतो. तिला सोसावा लागणारा हा त्रास आणि वाया जाणारी वर्षे टाळता येण्यासारखी आहेत.

दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू व्हावी. वीर्यतपासणी साधी आणि वेदनारहित असते. आधी दोन ते सात दिवस संयम पाळायचा, एवढीच अट. व्हेरिकोसील तर डॉक्टरांना रुग्ण उभा असताना हाताने तपासूनही कळू शकते. वृषणात नवा शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणून सिगारेट सोडली किंवा संसर्गावर उपचार घेतले, तर फरक पाहण्यासाठी पुढची तपासणी साधारण तीन महिन्यांनी करावी.