एका गोळीचे पिस्तूल, त्याचे दार कोणते?

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या पिस्तुलात पाच गोळ्या बसतात आणि एक सुटली की दुसरी आपोआप पुढे येते. नेमबाजांच्या घराण्यात याचा एक जुना, जरा हट्टी भाऊबंद आहे. त्यात एका वेळी एकच गोळी मावते. त्याला फ्री पिस्तूल म्हणतात. फ्री म्हणजे फुकट नव्हे, किंमत तर चांगलीच असते! वजन, नळीची लांबी, खटक्याचा दाब यांची बंधने त्याला नाहीत, म्हणून ते ‘मोकळे’.

ते एका हाताने धरायचे, ५० मीटरवर साठ गोळ्या झाडायच्या. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५ सेंटीमीटर रुंद. सोव्हिएत नेमबाज मेलेंतेव्हने १९८० मध्ये मॉस्कोत ६०० पैकी ५८१ गुण मिळवले आणि तो विक्रम ३४ वर्षे टिकला. २०१४ मध्ये ग्रानाडाच्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या जिन जाँग-ओने ५८३ करून तो मोडला. त्याच स्पर्धेत आपल्या जितू रायने या प्रकारात रौप्यपदक पटकावले.

आता मुद्द्याचे. गोळी नळीत मागच्या बाजूने घालायची आणि मागचे तोंड घट्ट बंद करायचे. हे दार उघडण्या-मिटण्याच्या यंत्रणेला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. नवशिक्याला वाटते, दार जितके भक्कम तितके चांगले. पण पॉइंट टू-टू चे काडतूस सौम्य असते, ते कोणतेही चांगले दार पेलते. खरा प्रश्न वेगळाच आहे. दार साठ वेळा उघडताना मुठीतला हात हलतो का?

हिशेब करून पाहा. पिस्तुलावरच्या पुढच्या आणि मागच्या नेमखुणांत ३५ सेंटीमीटर अंतर धरले आणि त्यांची जुळणी एका मिलीमीटरने चुकली, तर ५० मीटरवर गोळी चौदा सेंटीमीटर बाजूला जाते. म्हणूनच फ्री पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या मापाने कोरून हातमोज्यासारखी बसवतात. गोळी डाव्या हाताने भरायची, उजवा हात मुठीतच राहिला पाहिजे.

जुनी आणि अनेकांची आवडती यंत्रणा मार्टिनीची. अमेरिकेतील पीबॉडीच्या १८६२ च्या पेटंटवर स्वित्झर्लंडमधील मार्टिनीने सुधारणा केली. १८७१ मध्ये ब्रिटिश लष्कराने ‘मार्टिनी-हेन्री’ म्हणून घेतलेली रायफल तीच. हॅमर्ली या स्विस कंपनीने हे दार फ्री पिस्तुलात आणले. कळ दाबली की नळीमागचा पोलादी ठोकळा मागच्या बिजागरीवर पुढून खाली झुकतो. मागे सरकायला जागाच लागत नाही. त्यामुळे नळी हाताच्या अगदी जवळ, खाली ठेवता येते आणि गोळी सुटताना पिस्तूल कमी उसळते. आतली फायरिंग पिनही थोडेच अंतर धावते, म्हणजे खटका ओढल्यापासून काडतूस पेटेपर्यंतचा, सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचा, काळ आणखी घटतो. तेवढ्या वेळातही हात डोलतच असतो, हे विसरू नये.

तिची उणीवही आहे. काडतूस शेवटपर्यंत अंगठ्यानेच ढकलावे लागते. शिवाय मागे ठोकळा आडवा असल्याने सफाईची सळई नळीच्या पुढच्या तोंडातून घालावी लागते. गोळी नळी सोडते ती तिथेच, आणि ती कड झिजली की नेमकेपणा गेला.

बोल्टची यंत्रणा म्हणजे दाराची कडी. उघडून मागे ओढायची, पुढे लोटून फिरवायची. काडतूस बोल्टच जागेवर बसवतो, तो काढून ठेवला की नळी मागून साफ होते, आरपार पाहता येते. पण मागे यायला त्याला जागा हवी आणि ती नेमकी हातावरच असते. इटलीच्या पार्दिनीने ही रचना नीट जमवली आहे.

मधोमध मोडणारी पिस्तुले तिसरी. अमेरिकेत १९६७ मध्ये आलेले थॉम्पसन-सेंटर कंटेंडर त्यातले. नळी बदलून निरनिराळी काडतुसे वापरता येतात, म्हणून शिकारीला आणि लोखंडी आकृत्या पाडण्याच्या खेळाला ते उत्तम. साठ गोळ्यांच्या शांत स्पर्धेत मात्र दरवेळी नळी झुकवणे म्हणजे जमलेली बैठक मोडणे.

माझे मत विचाराल तर हात स्थिर झालेल्याने मार्टिनी घ्यावी, निगा राखण्याची आवड असलेल्याने बोल्ट. २०१६ च्या रिओनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळला गेला, जागतिक स्पर्धांत तो राहिला. साहजिकच नव्यापेक्षा वापरलेल्या पिस्तुलाचा विचार अनेकांना करावा लागतो. आपल्याकडे परवान्याशिवाय ते घेता येत नाही, तेव्हा आधी क्लबच्या पिस्तुलावर सराव करावा.

वापरलेले पिस्तूल घेताना रेंजवर दहा गोळ्या झाडून रिकामी टोपणे ओळीने मांडा. पिनची खूण प्रत्येकाच्या काठावर सारख्याच जागी, सारख्याच खोलीची हवी. दोन-तीन टोपणांवर ती उथळ दिसली, तर दुरुस्तीचा खर्च विचारल्याशिवाय किंमत ठरवू नका.