न्यायासन आणि राजरस्ता

रस्त्यांवरील धूर व अपघात यांच्याशीं न्यायालयाचा संबंध काय, असें आमच्या बालवाचकांस वाटेल. राज्यघटनेचें २१ वें कलम प्रत्येकाच्या जीविताचें रक्षण करितें. आणि परमेश्वरानें दिलेली शुद्ध हवा व निर्भय मार्ग यांवांचून जीवित तें कसलें? याच विचारानें वकील एम. सी. मेहता यांनीं १९८५ सालीं दिल्लीच्या दूषित हवेविषयीं सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली.

१८ नोव्हेंबर १९९७ रोजीं दिल्लींत वजीराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेंत कोसळून २५ हून अधिक मुलें मृत्यु पावलीं. दोनच दिवसांनीं न्यायालयानें दिल्लीकरितां आज्ञा केली: जड वाहनांनीं ताशीं ४० किलोमीटरांहून अधिक वेगानें जाऊं नये, त्यांस वेगनियंत्रक बसवावा, आणि शाळेच्या बसच्या चालकास निदान १० वर्षांचा अनुभव असावा. पुढें २८ जुलै १९९८ च्या आज्ञेनें शहरांतील सर्व बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालविण्याचें ठरलें. ३१ मार्च २००१ ची मुदत टळली. तरी २००२ अखेर तें कार्य सिद्धीस गेलें.

आज्ञा न्यायालयांत लिहिली जाते, पण पाळली जाते रस्त्यावरच. म्हणून पालकांनीं मुलांच्या बसचा वेग व चालकाची योग्यता यांची चौकशी करावी, आणि विद्यार्थ्यांनीं चालत्या बसच्या दारांत कधींही लोंबकळूं नये, एवढेंच आमचें आग्रहाचें सांगणें आहे.