गस्तीवरचा एकटा रेणू

रत्नागिरीचा हापूस अमेरिकेला जायचा तर आधी त्याला गॅमा किरणांसमोरून जावं लागतं. 2007 साली अमेरिका भारतीय आंबा घ्यायला तयार झाली ती याच अटीवर: फळाला किमान 400 ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचं एकक) इतकी मात्रा मिळालीच पाहिजे. त्या वर्षी हे काम झालं नाशिक जिल्ह्यात, लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात. या किरणांनी आंबा किरणोत्सारी होत नाही. त्यांचा रोख असतो कोयीतल्या भुंग्यावर आणि फळमाशीच्या अळीवर. कीड जागच्या जागी मरतेच असं नाही, पण तिची वाढ खुंटते आणि पुढची पिढी निपजत नाही. तिच्या पेशींतला डीएनए इतक्या ठिकाणी तुटलेला असतो, की तो सांधणारी प्रथिनं पुरी पडत नाहीत.

ही सांधणारी प्रथिनं प्रत्येक सजीवात असतात, पण सगळ्यांची कुवत सारखी नसते. एका ग्रे मात्रेने माणसाच्या एका पेशीत डीएनएचा एकेरी धागा हजारभर ठिकाणी तुटतो आणि तीस-चाळीस ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. सबंध शरीराला 4-5 ग्रे लागले तर उपचारांवाचून माणूस वाचणं कठीण. उलट ‘डायनोकॉकस रेडिओड्युरन्स’ हा जिवाणू 5000 ग्रे पचवतो आणि काही तासांत आपल्या जनुकसंचाचे तुकडे पुन्हा जुळवतो. 1956 साली तो अमेरिकेत सापडला, किरणांनी निर्जंतुक करू पाहिलेल्या मांसाच्या डब्यात. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात हरी मिश्रा यांच्या गटाने त्याच्या दुरुस्तीयंत्रणेवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्याच श्रीकुमार आपटे यांच्या गटाने 2006 साली या जिवाणूत साल्मोनेलाचं एक जनुक घालून विरल द्रावणातलं युरेनियम साक्यासारखं खाली बसवून दाखवलं.

गॅमा किरण नसले तरी डीएनए सुखात नसतो. पेशीतलं पाणी, प्राणवायू, शरीराची ऊब आणि कातडीवर पडणारं ऊन, सगळेच त्याला पोखरत असतात. नुसत्या पाण्याच्या संपर्काने एका पेशीतल्या डीएनएचे दिवसाला सुमारे 10,000 बेस, म्हणजे त्याच्या मजकुराची अक्षरं, गळून पडतात, हा हिशेब टोमास लिंडाल यांनी 1970च्या दशकात मांडला. गळलेलं किंवा बिघडलेलं काढून तिथे नवं कसं बसवलं जातं, याचं रसायनशास्त्र उलगडल्याबद्दल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना 2015चं नोबेल मिळालं.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. दुरुस्ती कशी होते ते कळलं, पण बिघाड सापडतो कसा? माणसाच्या एका पेशीत बेसच्या सुमारे 600 कोटी जोड्या असतात. ग्वानिन या बेसवर एक ऑक्सिजन अणू चढला की त्याचं ‘ऑक्सोग्वानिन’ होतं. तो तसाच राहिला तर पुढच्या नकलेत चुकीचं अक्षर उतरू शकतं. हा एका अणूचा फरक हुडकणारं प्रथिन म्हणजे ओजीजी1. त्याला डोळे नाहीत आणि हाती नकाशाही नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे ट्रॅकमन रुळांवरून पायी गस्त घालतात, तशी त्याला गस्तच घालावी लागते. फरक इतकाच की ट्रॅकमनला आपण वाटेत गाठून विचारू शकतो. या प्रथिनाला गाठायचं कुठे?

परीक्षानळीत ते जमत नाही, कारण तिथे एकाच वेळी कोट्यवधी रेणू असतात आणि हाती येते ती त्यांची सरासरी. निम्मे रेणू डीएनएवर ठाण मांडून बसले आणि निम्मे सुसाट पळाले, तरी सरासरीत सगळे रमतगमत चाललेत असंच दिसतं. शोध घेणं हे एकेका रेणूचं काम आहे. ते पाहायचं तर एकाच रेणूवर नजर ठेवायला हवी.

हे शक्य आहे की नाही, याबद्दलच बराच काळ शंका होती. 1989 साली विल्यम मर्नर यांनी अतिशीत स्फटिकातल्या एकेका रेणूची प्रकाशीय खूण टिपली. 1995 साली ओसाकाच्या तोशिओ यानागिदा यांच्या गटाने पाण्यातले सुटे रेणू पाहिले. त्यांनी वापरलेली युक्ती म्हणजे अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात असतं तेच पूर्ण आंतरिक परावर्तन. काचेतून पाण्याकडे जाणारा लेसर पुरेसा तिरका सोडला की सगळा प्रकाश काचेतच परततो. मात्र सीमेपलीकडे, पाण्यात, शंभर-दोनशे नॅनोमीटरपर्यंत त्याचा अंमल उरतो. तेवढ्या पातळ थरातले रेणूच उजळतात आणि वरच्या पाण्यातली गर्दी अंधारात राहते. चमकणारा ठिपका दिसतो अडीचशे नॅनोमीटर रुंद, पण त्याचा मध्य गणिताने काही दशक नॅनोमीटरपर्यंत नेमका काढता येतो.

असा मायक्रोस्कोप अनेक प्रयोगशाळा स्वतःच जुळवतात. हवेच्या उशांवर तोललेलं जड टेबल, म्हणजे जिन्यातल्या पावलांचा हादरा पोचत नाही. त्यावर लेसर, आरसे, तेलाच्या थेंबातून काचेला भिडणारं भिंग आणि उणे तापमानाला गार ठेवलेला कॅमेरा. पण दिवसातला बराच वेळ जातो तो कव्हरस्लिप धुण्यात. काचेवर राहिलेला मळही लेसरखाली चमकतो आणि प्रथिनाचं सोंग घेतो. म्हणून काच तीव्र अल्कलीत किंवा आम्लात घासून काढल्यासारखी स्वच्छ करायची, मग तिच्यावर प्रथिनं चिकटू नयेत म्हणून पॉलिमरचं अस्तर चढवायचं. द्रावणातला प्राणवायू विकरं घालून काढून टाकायचा, नाहीतर प्रथिनाला जोडलेलं चमकतं रंगद्रव्य काही सेकंदांत विझतं.

अमेरिकेतले बेनेट व्हॅन हाउटन आणि ब्रिटनमधले नील कॅड यांच्या गटांनी तर डीएनएला काचेपासून दूरच नेलं. सिलिकाचे पाच मायक्रॉनचे मणी काचेवर पसरायचे आणि त्यावरून डीएनएचं द्रावण पुढे-मागे वाहू द्यायचं. धागा एका मण्याला चिकटतो, प्रवाहात ताणला जातो आणि दुसऱ्या मण्याला जाऊन अडकतो. झाला डोंबाऱ्याचा दोर तयार. मग क्वांटम डॉट, म्हणजे चमकते अतिसूक्ष्म स्फटिक, डकवलेली प्रथिनं सोडायची.

कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांतून दोराची तेवढी पट्टी कापून एकीशेजारी एक लावली की एक आलेख मिळतो. उभ्या दिशेने डीएनएवरची जागा, आडव्या दिशेने वेळ. प्रथिन जागचं हललं नाही तर सरळ आडवी रेघ. घसरत असेल तर नागमोडी, वरखाली होणारी. मध्येच उडून गेलं तर रेघ तुटते आणि दुसऱ्या कुठल्या तरी उंचीवर नवी सुरू होते. प्रथिनाची सगळी दिनचर्या त्या रेघेत वाचता येते.

अशा रेघांनी बऱ्याच कल्पना बदलायला लावल्या. 2006 साली हार्वर्डमध्ये पॉल ब्लेनी, ग्रेगरी व्हर्डाइन आणि सनी शी यांनी ओजीजी1ला पाहिलं. ते डीएनएला धरून पुढे-मागे घसरत होतं, तेही इंधनाविना, केवळ उष्णतेच्या धक्क्यांवर. 2009 साली त्याच मंडळींनी दाखवलं की अशी प्रथिनं सरळ घसरत नाहीत. दुहेरी सर्पिलाच्या वळणाबरोबर स्वतःही फिरत जातात. 2010 साली दोरांवर दिसलं की उन्हाने बिघडलेला डीएनए शोधणाऱ्या जिवाणूच्या यूव्हीआरए प्रथिनाला एकट्याने घसरता येत नाही, ते उड्या मारतं. यूव्हीआरबी जोडीला आलं की दोघांची चाल बदलते आणि ती धाग्यावरून सरकू लागतात. शोधाची पद्धत सोबतीवर ठरते, हे सरासरीतून निघालं नसतं.

दोन्ही धागे तुटल्यावर पेशीला तसाच शाबूत मजकूर दुसरीकडे शोधावा लागतो. न्यू यॉर्कचे एरिक ग्रीन शेकडो डीएनए रेणू पडद्याच्या झालरीसारखे ओळीने टांगतात. 2015 साली त्यांच्या गटाने दाखवलं की रॅड51 प्रथिनाने मढलेला तुटका धागा आठ अक्षरं लागोपाठ जुळेपर्यंत कुठे थांबत नाही. त्याहून कमी जुळणाऱ्या जागा तो झटकन सोडतो.

आपल्या जवळपासही या विद्येचा वावर आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुढे आयआयटीत रूप मलिक यांनी लेसरच्या चिमट्याने पेशीतली मोटर-प्रथिनं किती जोर लावतात ते मोजलं. पुण्याच्या आयसरमध्ये के. सायकृष्णन यांचा गट डीएनएवरून धावणाऱ्या आणि धावता धावता तो कापणाऱ्या विकरांचा अभ्यास करतो. दुरुस्तीच्या सर्वांत जवळचं काम बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये (एनसीबीएस) अंजना बद्रीनारायणन यांचं. त्यांच्या गटाने जिवंत जिवाणूत डीएनए एकाच ठिकाणी तोडला आणि 2022 साली दाखवून दिलं की जुळणारा मजकूर शोधायला निघालेला रेकए प्रथिनाचा तंतू पेशीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतो, आणि त्याला हलवतं रेकएन हे दुसरं प्रथिन.

काचेवरचा डीएनए उघडावाघडा असतो, हा या तंत्रावरचा रास्त आक्षेप आहे. आपल्या पेशीत तो हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो आणि वाटेत इतर शेकडो प्रथिनं ठाण मांडून असतात. म्हणून आता भर आहे तो जिवंत पेशीत डोकावण्यावर. 2013 साली ऑक्सफर्डमध्ये स्टीफन उपहॉफ आणि आखिलेफ्स कापानिदिस यांनी ई. कोलाय जिवाणूत एकेक दुरुस्ती मोजली. खाच भरणाऱ्या पॉलिमरेजला आणि टोकं सांधणाऱ्या लायगेजला प्रत्येकी लागली दोन-अडीच सेकंदं.

ही सेकंदं मोजण्याचं मोल कर्करोगाच्या उपचारात कळतं. रेडिओथेरपीत एकूण मात्रा रोज साधारण 2 ग्रे अशी थोडी थोडी देतात, कारण मधल्या वेळात निरोगी पेशी आपले घाव बऱ्यापैकी भरून काढतात आणि गाठीतल्या पेशी मागे पडतात. बीआरसीए हे दुरुस्तीचं जनुक बिघडलेल्या कर्करोगांवर दिली जाणारी ओलापॅरिबसारखी औषधं पार्प नावाच्या दुरुस्तीच्या प्रथिनाला नुसती निकामी करत नाहीत. ती त्याला डीएनएवरच अडकवून ठेवतात आणि तो अडथळा पेशीला भोवतो, असं 2012 साली दिसून आलं. मग एका औषधाने पार्प किती वेळ अडकतं आणि दुसऱ्याने किती, हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर एकेका रेणूवर घड्याळ लावल्याशिवाय मिळत नाही, आणि तसं घड्याळ लावता येतं ते या मायक्रोस्कोपखाली.