ए ग्रुप की बी ग्रुप

१९८६च्या जूनमध्ये मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला लागले. तास सुरू व्हायच्या आधी पहिलं काम वाट्याला आलं ते प्रवेशाच्या टेबलावर बसायचं. ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून पालक रांगेत उभे असत आणि टेबलाशी आले की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असे, "मॅडम, ए ग्रुप घ्यावा की बी ग्रुप?" अर्जावर हे शब्द नव्हते, तिथे नुसती विषयांची यादी होती. पण लोकांच्या मनात ए म्हणजे गणित आणि गणित म्हणजे इंजिनिअर, बी म्हणजे बायो आणि बायो म्हणजे डॉक्टर. २०१९ साली निवृत्त झाले, त्या जूनपर्यंत हा प्रश्न तसाच कानावर येत राहिला. उत्तर मात्र दर काही वर्षांनी बदलावं लागलं, कारण प्रवेशाचे नियम बदलत होते. एखाद्या पदवीला खरोखर कोणता विषय लागतो याचा विचार त्या टेबलावर फार थोड्या वेळा झाला. मीही तो उशिरा करायला लागले.

ए-बीची ही भाषा बारावीच्या आधीची. अकरावीला एसएससी आणि मग कॉलेज अशी रचना होती तेव्हा इंटर सायन्सला हे दोन गट पडत. त्याच्याही आधी शाळेतच एक चाळणी लागायची, हायर मॅथ्स की लोअर मॅथ्स. माझ्या थोरल्या बहिणीला आठवीत लोअर मॅथ्स आणि शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र मिळालं. मिळालं असंच म्हणायचं, कारण तिला कुणी विचारलं नाही. तिच्या वर्गातल्या बहुतेक मुलींचं तेच झालं. घरात ती माझा गणिताचा गृहपाठ तोंडी तपासायची, इतकं तिचं डोकं चालायचं. एसएससीला चांगले गुण मिळाले, सायन्सला जायचं म्हणाली, तेव्हा कळलं की तो रस्ता तीन वर्षांपूर्वीच बंद झाला आहे. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली. कोठारी आयोगाने सुचवलेल्या १०+२+३ या रचनेने आपल्याकडे गणित आणि विज्ञान दहावीपर्यंत सगळ्यांना आणलं. या बदलाविषयी फारसं कुणी लिहीत नाही. माझ्या पहिल्याच वर्गात पुढच्या दोन बाकांवर मुली बसल्या होत्या, आणि त्या तिथे कशा आल्या हे मला घरातूनच ठाऊक होतं.

मी नोकरीला लागले तेव्हा ए ग्रुपला नुकतं उधाण आलं होतं. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याआधी इंजिनिअरिंग म्हटलं की पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी नावं होती. आता साखर कारखान्याच्या शेजारी कॉलेजची इमारत उभी राहू लागली. फी परवडणाऱ्या घरांना वाटू लागलं की आपला मुलगाही इंजिनिअर होईल. वैद्यकीयच्या जागा मात्र त्या मानाने थोड्याच राहिल्या.

तेव्हा राज्याची वेगळी प्रवेश परीक्षा नव्हती. बारावीच्या तीन विषयांची बेरीज, तीनशेपैकी किती, यावर सगळं ठरायचं. इंजिनिअरिंगला पीसीएम म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणित, मेडिकलला पीसीबी म्हणजे गणिताच्या जागी बायो. त्यामुळे उरलेला चौथा विषय हे ओझं वाटू लागलं. मेडिकलला जायचंय ना, मग गणितावर वेळ कशाला घालवायचा? इंजिनिअरिंगला जायचंय, मग बेडूक कशाला चिरायचा? चारही विषय घेणारी मुलं असत, पण दिवाळीनंतर त्यातली बरीचशी एक विषय सोडायचा अर्ज घेऊन येत.

याच सुमारास बायफोकलची गोडी लागली. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स असा दोनशे गुणांचा व्यवसाय विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटायचा. योजनेमागचा हेतू चांगला होता. बारावीनंतर शिक्षण थांबलंच तरी हातात काही कसब असावं. पण आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या वीस-पंचवीस जागांसाठी गावातली सगळ्यांत हुशार मुलं भांडायची आणि त्यातल्या एकालाही रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढायचं नव्हतं. त्यांना गुण हवे होते, आणि मराठी व बायो दोन्ही सुटणार होतं. मराठीच्या सरांच्या तासाला कलाशाखेची मुलं तेवढी उरली. पुढे आयटी हा विषय आला आणि बायफोकल नसलेल्या मुलांनीही भाषा सोडली. मी गणिताची शिक्षिका, तरी मला याचं वाईट वाटत आलं आहे. सोळाव्या वर्षी ज्याने आपल्या भाषेत दोन पानं सलग लिहिणं थांबवलं, त्याला पुढे प्रयोगाचा अहवाल लिहिताना, रुग्णाला आजार समजावताना अडखळताना मी पाहिलं आहे.

सगळ्यांत जास्त हळहळ वाटते ती बी ग्रुपमधल्या मुलांची. शंभर मुलं डॉक्टर व्हायचं म्हणून गणित सोडायची, त्यातली चार-पाच एमबीबीएसला लागायची, काही बीएएमएस, बीएचएमएस, फार्मसीला. उरलेली बीएस्सीला. बॉटनी, झूऑलॉजी, केमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी हे चांगलेच विषय आहेत, मनापासून घेतले तर आयुष्य पुरणार नाही इतके. पण ही मुलं तिथे निवड म्हणून आलेली नसत, उरलेलं दार म्हणून आलेली असत. १९९८-९९च्या सुमारास पुण्यामुंबईत संगणकाच्या नोकऱ्यांचा पूर आला तेव्हा त्यांचं नुकसान अगदी उघडं पडलं. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला बारावीचं गणित हवं. एमसीएला गणित हवं. आमचा एक विद्यार्थी, झूऑलॉजीचा पदवीधर, फार तल्लख, एक दिवस घरी आला आणि म्हणाला, "मॅडम, पुन्हा बारावीचं गणित देऊ का?" तेविसाव्या वर्षी तो बारावीच्या मुलांबरोबर बाकावर बसायला तयार होता. घरच्यांनी बसू दिलं नाही. अकरावीच्या प्रवेशाला तो वडिलांबरोबर आला होता तेव्हा टेबलावर मीच होते. गणिताच्या चौकटीत रेघ मारताना मी एका शब्दाने अडवलं नव्हतं.

त्यानंतर मी अडवायला लागले. डॉक्टरच व्हायचं असेल तरी पहिलं वर्ष गणित ठेव, असं सांगायचे. गणिताची बाई, तिला आपला वर्ग भरायचाय, असं लोकांना वाटत असणार. पण कारण साधं होतं. बायो सोडलेला मुलगा पुढे पुस्तकं आणून पेशीचं काम समजून घेऊ शकतो. गणिताच्या पायऱ्या एकदा सुटल्या की मागे जाऊन त्या एकट्याने चढणं फार कठीण. आणि बी ग्रुपला गणित लागत नाही हे मुळातच खरं नव्हतं. बारावीच्या रसायनशास्त्रात अभिक्रियेचा वेग काढायचा तर लॉगरिदम लागतो, पहिल्या कोटीच्या अभिक्रियेचं समीकरण संकलनातून येतं. पदार्थविज्ञानात सरल आवर्त गती आली की विकलन आलंच. आमचे फिजिक्सचे सर जुलैमध्ये बी ग्रुपसाठी चार जादा तास घेऊन लॉग आणि डेरिव्हेटिव्ह उरकायचे. मुलं सूत्र पाठ करायची आणि आकडे घालून उत्तर काढायची. पुढे औषधाचा अर्धायुकाल शिकताना डॉक्टर हेच गणित करत असतो. दर अर्धायुकालात शरीरातलं औषध निम्मं होतं, पाच अर्धायुकालांनंतर साधारण तीन टक्के उरतं. हा आकडा पाठ असणं वेगळं आणि तो वक्र डोळ्यांपुढे उभा राहणं वेगळं.

नव्या शतकात सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा स्थिरावली आणि घोकंपट्टीची जागा गतीने घेतली. दीर्घोत्तरी उत्तरांची वही बाजूला पडून चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव सुरू झाला. सीईटीचा भर बारावीवर होता, बोर्डाची परीक्षा तर निव्वळ बारावीचीच, म्हणून अकरावी हे विश्रांतीचं वर्ष बनलं. त्रिकोणमिती, संच, सदिश, लॉगरिदम, सगळा पाया अकरावीत, आणि वर्ग रिकामा. हजेरीपटावर ऐंशी नावं आणि समोर बारा मुलं, असे तास मी वर्षानुवर्षं घेतले. काही गावांनी क्लासचं शिस्तबद्ध गणित बसवलं. लातूर पॅटर्न हा शब्द घराघरांत गेला आणि मराठवाड्यातल्या साध्या घरांतली मुलं मेडिकलच्या यादीत वर आली, ही मोठीच गोष्ट होती. आमच्या गावात मात्र शिस्त न येता फक्त क्लास आले.

मग २०१३ ते २०१६ ही वर्षं. तेवढी ओढाताण मी आधी कधी पाहिली नव्हती. मे २०१३मध्ये नीट ही वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा देशभर झाली, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. इंजिनिअरिंगसाठी राज्याने आपली सीईटी सोडून देशपातळीवरची जेईई मेन धरली आणि २०१६मध्ये राज्य पुन्हा सीईटीकडे वळलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यायालयाने नीटविरुद्धचा निकाल मागे घेतला. राज्याची सीईटी ५ मे रोजी होती. दोन वर्षं बोर्डाच्या पुस्तकांतून तयारी केलेल्या मुलांना चार दिवस आधी, १ मे रोजी, नीटचा पहिला टप्पा समोर दिसत होता. अखेर अध्यादेश निघाला आणि राज्याच्या जागांपुरती त्या वर्षी सूट मिळाली. पण त्या तीन-चार आठवड्यांत माझ्याकडे रडत आलेल्या मुलींना मी काय सांगावं हे मलाच सुचत नव्हतं. नियम बदलायचे असतील तर अकरावीच्या प्रवेशाआधी बदलावेत, एवढी साधी मागणी शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत मी मांडत होते.

नीटने एक काम केलं, अकरावीचा अभ्यासक्रम पुन्हा जिवंत केला. १८० प्रश्नांतले ९० जीवशास्त्राचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रत्येकी ४५, आणि सगळे दोन्ही वर्षांवर. पलीकडे पीसीएमच्या सीईटीत २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताला. म्हणजे दोन्हीकडे अर्धं वजन एकाच विषयावर, आणि त्यामुळे चारही विषय नेटाने करणारं मूल आणखी विरळ झालं.

मी निवृत्त झाल्यानंतर दोन बातम्या आल्या. २०२१मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स आणि गणित घेतलेलंच असलं पाहिजे ही अट सैल केली. नोव्हेंबर २०२३मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सांगितलं की बारावीनंतर बायो हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल. दुसरी बातमी वाचून मला फार बरं वाटलं. सोळाव्या वर्षी चुकलेली निवड अठराव्या वर्षी दुरुस्त करता येते हे नियमाने मान्य केलं. पहिलीबद्दल मात्र माझं मन साशंक आहे. दारावरची पाटी बदलली, आतला जिना तोच राहिला. पहिल्या वर्षाला एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, आहेच. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली कितीतरी हुशार, हाताने काम जाणणारी मुलं एम-थ्रीच्या केटीत, म्हणजे राहिलेल्या पेपरात, अडकलेली मी पाहिली आहेत. बारावीच्या गणिताशिवाय आलेल्या मुलाला आत कोण आणि किती तास शिकवणार हे ठरवल्याशिवाय त्याला आत बोलावणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

टेबलावर बसून मी ज्यांचं उदाहरण पालकांना देत असे ते वेंकटरामन रामकृष्णन. बडोद्यात मेडिकलला प्रवेश मिळत असताना त्यांनी फिजिक्स घेतलं, अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएचडी केली आणि मग पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राच्या वर्गात बसले. रायबोसोमच्या रचनेवरच्या कामासाठी २००९ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका माणसाच्या आयुष्यात आमच्या अर्जावरच्या फिजिक्स, बायो आणि केमिस्ट्री या तिन्ही चौकटी भरल्या गेल्या. पालक मान डोलवायचे आणि विचारायचे, "ते ठीक, पण कटऑफ किती लागेल?" त्यांना दोष देववत नाही. शेत विकून फी भरणाऱ्या माणसाने आणखी काय विचारावं?

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी घरी आली. २०१३ साली तिच्या अर्जावर मी बी ग्रुपच्या विषयांवर खूण केली होती. गणित ठेव म्हणून सांगितलं होतं, तिने ऐकलं नव्हतं, आणि तिचं काही बिघडलं नाही, ती एमबीबीएस झाली. आता बालरोगशास्त्रात एमडी करते आहे. प्रबंधासाठी नवजात बाळांच्या वजनाची आकडेवारी गोळा केली आहे आणि पुढचं अडलं आहे. संख्याशास्त्र करून देणारे पैसे घेऊन करून देतात, म्हणाली, पण माझ्या आकड्यांचा अर्थ मला कळायला हवा. दहावीची गणिताची वही तिने बरोबर आणली होती, कव्हर घातलेली. ड्यूटी नसेल त्या रविवारी सकाळी ती येते, जेवणाच्या टेबलावर आम्ही बसतो. सरासरी आणि प्रमाण विचलन झालं. आलेख आडवा का पसरतो ते तिने स्वतःच ओळखलं. सध्या लॉगरिदम चालू आहे.